आई ८७ वर्षांची आहे, नळी टाकू द्यायची का?

एका लेकीच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा: आई ८७ वर्षांची, न्यूमोनियामुळे चार दिवस आयसीयूत, बायपॅपवर (नळी न घालता मास्कमधून श्वासाला जोर देणारं मशीन). आजच्या राउंडला डॉक्टर म्हणाले, गरज पडली तर घशातून नळी टाकून व्हेंटिलेटरवर घ्यायचं का, ते घरात ठरवून ठेवा. भाऊ न्यू जर्सीला. त्याचं म्हणणं, शक्य ते सगळं करा. मामा म्हणतात, पिकलं पान आहे, हाल करू नका. आई मुलीला कधी ओळखते, कधी नाही. काल रात्री तिने हातातली सुई उपटून काढली. चष्मा आणि कानाचं मशीन हरवू नये म्हणून घरी आणून ठेवलंय. या वयात आयसीयू म्हणजे उपचार की छळ?

ताई, तुम्ही वय सांगितलंत, आजार सांगितलात, भाऊ आणि मामा काय म्हणतात तेही सांगितलंत. पण ज्यावरून मला उत्तर देता येईल ती गोष्ट राहिली. हा न्यूमोनिया व्हायच्या पंधरा दिवस आधी आई घरात काय करत होती? आपली आपण उठून बाथरूमला जात होती का? भाजी निवडत होती, दूधवाल्याचा हिशेब तिच्या डोक्यात होता? की वर्षभर कोणीतरी धरून उठवायचं, भरवायचं, कूस बदलून द्यायचं?

मी तेवीस वर्षं आयसीयूत काम करतोय, त्यातली बरीचशी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी. ८७ हा आकडा मला फार थोडं सांगतो. ते पंधरा दिवस मात्र बरंच सांगतात.

दोन माणसं आठवतात. पहिले ९१ वर्षांचे आजोबा. लघवी अडकून तिच्यातला जंतुसंसर्ग रक्तात गेलेला, ब्लडप्रेशर साठावर, हातपाय गार. आमच्या निवासी डॉक्टरांनी त्यांना बघायच्या आधीच कागदावर 'वय ९१, आशा कमी' असं लिहून ठेवलं होतं. मुलगा म्हणाला, "परवापर्यंत वैरण टाकत होते, साहेब." या एका वाक्यावर आम्ही सगळं बळ लावलं. कॅथेटर घालून तुंबलेली लघवी काढली, अँटिबायोटिक दिलं, दोन दिवस प्रेशर वाढवायचं औषध पंपावर चालवलं. नळीची गरजच पडली नाही. पाचव्या दिवशी त्यांनी सिस्टरकडे तंबाखू मागितली. नवव्या दिवशी नातवाचा खांदा धरून रिक्षापर्यंत चालत गेले.

दुसऱ्या ७८ वर्षांच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. म्हणजे आजोबांपेक्षा तेरा वर्षांनी लहान. सात महिन्यांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण त्या उभ्या राहिल्याच नाहीत. अंथरुणाला खिळल्या, पाठीला जखम झाली, वजन पस्तीस-छत्तीस किलोवर आलं. भरवताना घास श्वासनलिकेत जायचा, त्यातून न्यूमोनिया. रात्री अकराला श्वास लागला, मुलं घाबरलेली, मी नळी टाकली. घाईत योग्यच वाटलं. पुढचे सव्वीस दिवस रोज थोडं थोडं कळत गेलं की या बाई व्हेंटिलेटरवरून सुटणार नाहीत. गळ्याला भोक पाडलं, किडनी बसली, डायलिसिसची गोष्ट निघाली. मुलांनी गावाकडचा प्लॉट विकला. सत्ताविसाव्या दिवशी त्या गेल्या, दोन्ही हात पट्टीने बांधलेले. त्या रात्री मी मुलांना एकच विचारायला हवं होतं: बाई परत कुठल्या आयुष्यात जाणार आहेत? विचारलं नाही. तो दोष मुलांचा नव्हता.

आपण मराठीत म्हणतो, "बाबा आता थकलेत." पुस्तकात यालाच 'फ्रेल्टी' म्हणतात, पण मला आपला शब्द जास्त नेमका वाटतो. थकणं म्हणजे नुसतं म्हातारं होणं नव्हे, अमुक एक रोग असणंही नव्हे. शरीराकडची शिल्लक संपत आलेली असते. साध्या दिवसाचा खर्च कसाबसा भागतो, पण एखादा न्यूमोनिया, एखादं पडणं असा मोठा खर्च आला की खातं रिकामं. कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठात केनेथ रॉकवुड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये यासाठी एक मोजपट्टी मांडली. आज ती १ ते ९ अशी वापरतात. १ म्हणजे ठणठणीत. ४ पर्यंत माणूस आपलं आपण बघतो. ५ ला पैसे, औषधं, बाजारहाट यांत मदत लागते, ६ ला आंघोळीला आणि जिन्याला हात द्यावा लागतो, ७ ला सगळंच दुसऱ्यावर. ८ ला साधा आजारही परतवता येत नाही आणि ९ म्हणजे शेवटचे महिने. हा आकडा आजारापूर्वीच्या दोन आठवड्यांवरून काढायचा. आयसीयूत झोपलेला पंचविशीतला मुलगाही थकलेलाच दिसतो.

इथे आपल्याकडची एक अडचण. "आजी स्वयंपाक करतात का?" असं विचारलं की "नाही" असं उत्तर येतं, आणि नवखा डॉक्टर लगेच ६ लिहून मोकळा होतो. सून करू देत नाही म्हणून आजी करत नाहीत की त्यांना जमत नाही म्हणून, हे कोणी विचारत नाही. एकत्र घरात थकलेपण झाकलंही जातं आणि उगाच जास्तही दिसतं. म्हणून तुम्ही डॉक्टरांना "बरी होती" एवढंच सांगू नका. "दिवाळीत चकल्या स्वतः पाडल्या", "दोन महिन्यांपासून जिना चढत नाही", "नातवाचं नाव विसरायला लागलीय" असं सांगा. माझ्या दृष्टीने ही माहिती एक्स-रेपेक्षा कमी नाही.

आता आकडे. तुमच्या भावाला ते उपयोगी पडतील. युरोपातल्या २१ देशांतल्या ८० वर्षांवरच्या ५,००० हून अधिक आयसीयू रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. (८० म्हणजे आपलं सहस्रचंद्रदर्शनाचं वय, संशोधकांनी नेमकी तीच रेघ मारली याची मला गंमत वाटते.) तीस दिवसांत त्यांच्यातले साधारण एक तृतीयांश गेले. पुढचा अभ्यास फक्त तातडीने दाखल झालेल्यांचा होता, त्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांच्या आसपास आलं. दोन्हींत थकलेपणाचा आकडा जसा वर जाई, तसा मृत्यूचाही जाई. म्हणजे भावाचं अगदीच चूक नाही: ऐंशी ओलांडलेली निम्म्याहून जास्त माणसं महिन्यानंतर जिवंत होती.

पण जिवंत असणं आणि घरी परत 'ती' असणं यांत अंतर आहे. कॅनडातल्या अभ्यासात ऐंशीवरच्या आयसीयू रुग्णांपैकी वर्षभरानंतर जेमतेम चौथा हिस्सा पूर्वीच्या शारीरिक ताकदीवर आला होता. फ्रान्समध्ये २४ रुग्णालयांत पंच्याहत्तरीपुढच्या ३,००० वर रुग्णांवर प्रयोग झाला. काही रुग्णालयांत अशा रुग्णांना आवर्जून आयसीयूत घ्यायला सांगितलं. भरती जवळजवळ दुप्पट झाली, सहा महिन्यांनंतरचं जगण्याचं प्रमाण मात्र वाढलं नाही. आणि ते रुग्ण आधीपासून अंथरुणाला खिळलेले नव्हते, हिंडते-फिरते होते. आयसीयूची खाट मिळाली म्हणजे आयुष्य मिळालंच असं या वयात होत नाही, हे मान्य करायला आम्हा डॉक्टरांनाही वेळ लागला.

असं का होतं? व्हेंटिलेटर न्यूमोनिया बरा करत नाही. तो अँटिबायोटिकला आणि शरीराला काम करायला वेळ मिळवून देतो, आणि त्या वेळेचं भाडं शरीरातून वसूल होतं. लंडनमध्ये २०१३ साली अत्यवस्थ रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने मोजला, तर पहिल्या दहा दिवसांत त्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ जवळजवळ १८ टक्क्यांनी घटलेलं निघालं. ते रुग्ण सरासरी पन्नाशीतले होते. तुमच्या आईच्या मांडीत मुळात किती मांस आहे, ते तुम्हीच बघितलंय. श्वास ओढणारा छातीखालचा पडदा हाही स्नायूच. मशीन त्याचं काम करायला लागलं की तोही झिजतो. म्हणून नळी टाकणं सोपं आणि काढणं अवघड.

म्हाताऱ्या शरीरात आजार लपतोही. न्यूमोनिया असून ताप नसतो, फक्त जेवण सुटतं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागतो. क्रिएटिनिन (किडनीची रक्तचाचणी) एक असलं तरी किडनी चांगली असेलच असं नाही. अंगावर मांसच नाही म्हणून आकडा कमी दिसतो, आणि औषधाचा डोस मात्र तरुणाचा पडतो. हे तुम्ही तपासायचं नाही, पण "वजन लक्षात घेऊन डोस चालू आहेत ना?" एवढं विचारायला हरकत नाही. चांगला डॉक्टर रागावत नाही.

आता त्या सुई उपटण्याबद्दल. तुमच्या आजीच्या पिढीने याला एक शब्द दिला असता: वात झालाय. आम्ही 'डेलिरियम' म्हणतो. हे वेड नव्हे, स्मृतिभ्रंशही नव्हे. जंतुसंसर्ग, कमी ऑक्सिजन, झोप नसणं, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, न दाबलेलं दुखणं, झोपेची काही औषधं, या सगळ्यांनी मिळून मेंदूवर आणलेलं मळभ. सकाळी विरळ होतं, संध्याकाळनंतर दाटतं. आरडाओरडा करणारा वात सगळ्यांना दिसतो. गप्प पडून छताकडे बघत राहणारा दिसत नाही, आणि वृद्धांत तोच जास्त असतो, नातेवाईक म्हणतात, "आज शांत आहे." व्हेंटिलेटरवरच्या बहुसंख्य रुग्णांना कधी ना कधी वात होतो. आजार ओसरला तरी तो काही दिवस, कधी काही आठवडे रेंगाळतो.

यावर खात्रीचं असं औषध नाही. जे उपयोगी पडतं ते अगदी घरगुती आहे, म्हणूनच कदाचित त्याला कोणी उपचार मानत नाही. दिवसा उजेड, रात्री अंधार. समोर घड्याळ. रात्री दोन वाजता स्पंज न करणं. शक्य तितक्या लवकर खाटेच्या कडेला पाय सोडून बसवणं. ओळखीचा आवाज. आमच्याकडे पूर्वी भेटीची वेळ सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं असायची. आता ऐंशीपुढच्या रुग्णाजवळ घरचं एक माणूस बसू देतो. सुरुवातीला सिस्टर वैतागल्या होत्या. आता त्याच म्हणतात, आजींचे हात बांधण्यापेक्षा लेक बसलेली बरी. तुमच्या रुग्णालयात नियम कडक असेल तर वाद न घालता लेखी विनंती करा, संध्याकाळी सहा ते नऊ मागा. वाताचा जोर तेव्हाच असतो.

मूळ प्रश्नाकडे येतो. "नळी टाकायची का?" याला हो किंवा नाही असं एकच उत्तर असतं असं सगळे धरून चालतात. मधला रस्ता आहे आणि मी बहुतेक वेळा तोच सुचवतो: मुदत घालून. नळी टाकायची, पण आधीच ठरवून की पाच दिवसांनी परत बसायचं. त्या दिवशी काय बघायचं तेही आजच ठरवायचं. ऑक्सिजन कमी लागतोय का, प्रेशरचं औषध उतरतंय का, लघवी नीट होतेय का, गुंगीचं औषध थांबवल्यावर ती डोळे उघडून हात दाबते का. यांत सुधारणा असेल तर पुढे जायचं. सगळंच उलट दिशेने असेल तर गळ्याला भोक, डायलिसिस या पायऱ्या चढायच्या नाहीत आणि नुसता त्रास कमी करण्यावर यायचं. हे आधी बोललेलं नसेल तर सातव्या-आठव्या दिवशी कोणीतरी म्हणतं, "आता ट्रेकिओस्टॉमी (म्हणजे तेच गळ्याला भोक) करावी लागेल, इथे सही करा", आणि थकलेला मुलगा सही करतो. निर्णय कोणी घेतच नाही, तो नुसता होत जातो.

तुमच्या डॉक्टरांनी नळीची वेळ यायच्या आधी विचारलं, हे त्यांच्या बाजूचं मोठं काम आहे. रात्री अकराला विचारण्यापेक्षा शंभरपट बरं.

छाती दाबण्याचा प्रश्न मात्र वेगळा, तो नळीच्या प्रश्नात मिसळू नका. हृदय थांबल्यावर सीपीआर द्यायचा की नाही हे स्वतंत्र ठरवता येतं. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या लाखो रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा रुग्णालयात सीपीआर दिलेल्यांपैकी सुमारे १८ टक्के रुग्णालयातून जिवंत बाहेर पडले होते. वय वाढतं तसं हे आणखी उतरतं, आणि आधीच थकलेल्या, गंभीर जंतुसंसर्गातल्या माणसाचं हृदय थांबलं तर अपेक्षा फारच थोडी. बरगड्या मोडतात, हे टीव्हीवर दाखवत नाहीत. 'सीपीआर नको' असं लिहून दिल्याने बाकीचा उपचार बंद होत नाही. अँटिबायोटिक, ऑक्सिजन, हवी तर नळीसुद्धा चालू राहते. याबद्दल आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०२० च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यामुळे "असं काही भारतात नसतं" असं कोणी म्हणालं तर मान्य करू नका.

कायद्याची भीती डॉक्टरांना असते, नातेवाइकांना त्याहून जास्त. मुंबईच्या केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षं बेशुद्धावस्थेत असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा कृत्रिम आधार काढण्याची वाट उघडली. ९ मार्च २०१८ ला घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला आणि 'लिव्हिंग विल', म्हणजे भान गेल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारं इच्छापत्र, मान्य केलं. तेव्हाची पद्धत इतकी किचकट होती की मी तरी ती कोणी पुरी केलेली पाहिली नाही. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानेच ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर इच्छापत्र होतं. इच्छापत्र नसेल आणि रुग्ण स्वतः ठरवू शकत नसेल, तर उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ बसतं, घरच्यांची लेखी संमती घेतात, मग दुसरं मंडळ ते तपासतं, त्यात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, आणि अंमल करण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. त्यांची परवानगी मागायची नाही. गोव्यात ३१ मे २०२४ ला न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवून सुरुवात करून दिली. मुंबईत स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात धरलेल्या आग्रहामुळे ही इच्छापत्रं सांभाळणारे अधिकारी नेमले गेले. छोट्या गावात मंडळ जमवताना आजही दमछाक होते, पण अशक्य नाही.

आणि जे प्रत्यक्षात चालतं ते याच्या अगदी उलट. आशा संपली की कुणीतरी हळूच सुचवतं, "सही करून घरी न्या." अ‍ॅम्ब्युलन्समध्ये नळी आणि हाताने श्वास द्यायचा फुगा असलेला म्हातारा माणूस, फुगा दाबणारा वॉर्डबॉय, गावाच्या वेशीवर पोचायच्या आत सगळं संपलेलं. घरी मरण यावं ही इच्छा मला मनापासून पटते. पण मॉर्फिनचा एक डोस न देता, घरी ऑक्सिजनची सोय न करता, कोणाचा फोन नंबर हाती न देता पाठवणं म्हणजे घरी नेणं नव्हे, ते हात झटकणं आहे. घरी न्यायचंच ठरलं तर आधी दोन दिवस तयारी मागा: श्वास लागला तर कोणतं औषध, किती, कोण देणार; ऑक्सिजनचा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र) कुठून आणायचा; मृत्यूचा दाखला कोणता डॉक्टर देणार. या शेवटच्या मुद्द्यावर घरं रात्रभर अडकलेली मी पाहिली आहेत.

मॉर्फिन म्हटलं की लोक दचकतात. नीट मोजलेल्या लहान डोसाने धाप लागण्याची घुसमट कमी होते, माणूस त्याने मारला जात नाही. नळी न टाकण्याचा निर्णय झाला तर आई तडफडत राहील अशी जी भीती तुमच्या भावाला आहे, तिचं उत्तर हे आहे. 'काही न करणं' असा पर्याय मुळात कोणी देतच नाहीये; करायचं काय, एवढंच बदलतं.

पैशाचं दोन वाक्यांत, कारण सगळे मनात बोलतात आणि माझ्यासमोर कोणी बोलत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या कुणालाही उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, मात्र योजनेतल्या रुग्णालयातच. आई तिथे आहे का ते बिलिंग काउंटरला आजच विचारा. आणि रोजचा अंदाज लेखी मागा, खर्चाचा विचार मनात आला म्हणून स्वतःला पापी समजू नका.

भावाबद्दल. प्रत्येक घरात लांब राहणारं एक माणूस असतं आणि "सगळं करा" हे वाक्य बहुधा त्याचंच असतं. त्याला दोष देऊ नका. त्याच्या डोळ्यांपुढची आई दोन वर्षांपूर्वी डब्यात लाडू भरून देणारी आहे; गेल्या दोन वर्षांतलं थकणं तुम्ही बघितलंय, त्याने नाही. शिवाय तो तिथे नाही, ही बोच तो शब्दांनी भरून काढतोय. त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टचे फोटो पाठवू नका, त्याने गोंधळ वाढतो. डॉक्टरांची वेळ घ्या, त्याला व्हिडिओवर घ्या, मामांनाही बसवा, आणि सगळ्यांसमोर डॉक्टरांना विचारा: "तुमच्या मते चांगल्यात चांगलं झालं तर तीन महिन्यांनी आई कशी असेल?" टक्के विचारू नका. चित्र विचारा. खुर्चीत बसून जेवेल? खाटेवरच राहील? मग भावाला विचारा, आई यावर काय म्हणाली असती. "तुला काय हवंय?" असं विचारलंत तर प्रत्येक मुलगा 'आई हवी' हेच म्हणणार.

माझं मत तुम्ही मागितलंय म्हणून सांगतो. आईला न तपासता दिलेलं आहे, तुमच्या डॉक्टरांच्या मतापुढे ते धाकटंच समजा. पंधरा दिवसांपूर्वी आई घरात आपल्या पायांवर फिरत असेल, माणसं ओळखत असेल, तर न्यूमोनिया हा परतवता येण्यासारखा आजार आहे. मी नळीला हो म्हणेन, पाच दिवसांची मुदत घालून, छाती दाबायची नाही असं लिहून. ती महिनोन्‌महिने अंथरुणावर असेल, भरवावं लागत असेल, तर मी बायपॅप आणि अँटिबायोटिक हीच वरची मर्यादा ठेवेन, नळीला नाही म्हणेन. या दोहोंच्या मधे कुठेतरी असेल, आणि बहुतेक माणसं मधेच असतात, तर आणखी एका व्यक्तीचं मत लागेल. तुमच्या पत्रात भाऊ बोलतो, मामा बोलतात, डॉक्टर बोलतात. आईला कोणी विचारलेलं दिसत नाही.

वात असलेला माणूस दिवसभर वातातच असतो असं नाही. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला बरेचदा उघडीप मिळते. बायपॅपचा मास्क डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडा वेळ काढून नाकातून ऑक्सिजन देता येतो. त्या वेळात आधी विचारा, आपण कुठे आहोत, काय झालंय. तिने सांगितलं आणि थोड्या वेळाने विचारल्यावर तेच परत सांगितलं, तर डॉक्टरांना सोबत घेऊन सरळ विचारा: "श्वास फार लागला तर घशात नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल, तेव्हा बोलता येणार नाही, सुटेल की नाही सांगता येत नाही. चालेल तुला?" मी असं विचारल्यावर एक आजी म्हणाल्या होत्या, "नातीचं लग्न वैशाखात आहे, तोवर काय वाटेल ते करा." दुसऱ्या एका आजींनी नुसती मान हलवली आणि लेकीचा हात धरून ठेवला. आई भानावर असताना जे सांगेल ते कायद्यानेही भावाच्या आणि तुमच्या म्हणण्याच्या वर आहे. डॉक्टरांना ते त्याच दिवशी केसपेपरवर लिहायला सांगा.

पण तिला प्रश्न ऐकू यायला हवा आणि विचारणारीचा चेहरा दिसायला हवा. कानाचं मशीन आणि चष्मा आज संध्याकाळीच घेऊन जा. डबीवर नाव लिहून सिस्टरच्या हातात द्या, आणि मशीनचा सेल नवा टाका.